दरबार, दप्तर आणि धनुष्य : जपानचे सामुराई आले कोठून?

#इतिहास_थ्रेड

१/
इ.स. १०१९च्या वसंतात सुमारे पन्नास जहाजांचा ताफा जपानच्या पश्चिमेकडील त्सुशिमा आणि इकी या बेटांवर येऊन थडकला. घरे जाळली गेली, गुरे कापली गेली, इकीचा प्रांताधिकारी मारला गेला आणि हजाराहून अधिक माणसे पकडून जहाजांत कोंबली गेली. तेथून हा ताफा क्यूशू बेटावरील हाकाता उपसागरात शिरला. हल्लेखोर होते ईशान्य आशियातील जुर्चेन. जपानी साधनांत त्यांना ‘तोइ’ म्हटले आहे. राजधानी हेइआन-क्यो, म्हणजे आजचे क्योतो, तेथून कित्येक दिवसांच्या वाटेवर होती. हुकूम येईपर्यंत थांबणे शक्यच नव्हते.

२/
क्यूशूचा कारभार पाहणाऱ्या दाझाइफु या ठाण्याचा प्रमुख त्या वेळी फुजिवारा नो ताकाइए हा होता. हा गृहस्थ नखशिखान्त दरबारी. त्याची बहीण तेइशी ही सम्राज्ञी होती. सेइ शोनागोन ही लेखिका याच तेइशीच्या सेवेत होती आणि तिच्या ‘माकुरा नो सोशी’ या प्रसिद्ध टिपणवहीत ताकाइए भेटतो तो पंख्याच्या काड्यांची फुशारकी मारताना! पुढे डोळ्यांच्या विकाराने तो गांजला, उपचार मिळतील या आशेने त्याने दाझाइफुची नेमणूक मागून घेतली, आणि तेथे युद्ध त्याच्या दारात आले. स्थानिक अधिकारी आणि घोडेस्वार धनुर्धारी यांना हाताशी धरून त्याने हल्ला परतवून लावला.

३/
हा प्रसंग आरंभीच सांगण्याचे कारण आहे. सामुराईंच्या उदयाची लोकप्रिय कथा साधारण अशी सांगितली जाते : हेइआन दरबार कविता, अत्तरे, चांदणे आणि प्रेमपत्रे यांत बुडाला, तो नाजूक आणि नेभळट झाला, तेव्हा दूरच्या प्रांतांतील कणखर योद्ध्यांनी येऊन सत्ता हिसकावली. मऊ माणसे गेली, कठोर माणसे आली. ही कथा ऐकायला सोपी आहे आणि लक्षात ठेवायला त्याहून सोपी. परंतु ती कागदपत्रांपुढे टिकत नाही. सामुराई हा दरबाराबाहेरून आलेला शत्रू नव्हता. दरबारानेच त्याला जन्म दिला, नाव दिले, काम दिले आणि शेवटी सनदही दिली.

४/
या दोन कथांतला फरक केवळ जपानच्या अभ्यासकांपुरता नाही. ‘कला वाढली की राष्ट्र दुबळे होते’ हा सिद्धान्त अनेक देशांच्या इतिहासावर चिकटवला जातो, आणि त्याचा पुरावा म्हणून हेइआनकडे हमखास बोट दाखवले जाते. म्हणून तपासायचा प्रश्न असा : दरबाराच्या हातून सत्ता गेली ती कवितेमुळे, की दुसऱ्याच कशामुळे? उत्तरासाठी काव्यसंग्रह बाजूला ठेवून जमिनीचे दप्तर उघडावे लागते.

५/
सुरुवात इ.स. ७०१च्या ताइहो कायद्यापासून करू. चीनच्या तांग साम्राज्याचा आदर्श समोर ठेवून उभारलेली ही व्यवस्था कागदावर अतिशय नेटकी होती. सारी भातशेती राज्याची. दर सहा वर्षांनी जनगणना आणि जमिनीचे वाटप. सहा वर्षांवरील प्रत्येक पुरुषास दोन तान जमीन, स्त्रीस त्याच्या दोन तृतीयांश, आणि मृत्यूनंतर ती जमीन पुन्हा राज्याकडे. त्या बदल्यात रयतेने धान्य, कापड आणि श्रम द्यायचे. सैन्यही याच नोंदवहीतून उभे राहायचे. ठरावीक प्रमाणात शेतकरी पुरुष सक्तीने शिपाई व्हायचे, तेही शिधा आणि शस्त्रे स्वतःची आणून.

६/
या सैन्याची परीक्षा ईशान्येकडे झाली. तेथील एमिशी लोक दरबाराची सत्ता मानत नव्हते. ते घोड्यावरून बाण चालवण्यात तरबेज होते. इ.स. ७८९मध्ये त्यांचा नायक आतेरुइ याने शाही फौजेला असे गाठले की हजाराहून अधिक सैनिक नदीत बुडून मेले. सक्तीने आणलेला, अर्धपोटी, पायी चालणारा शेतकरी या युद्धाला कामाचा नाही, हे स्पष्ट झाले. इ.स. ७९२मध्ये सम्राट काम्मु याच्या कारकिर्दीत सीमेवरचे प्रदेश वगळता सर्वत्र सक्तीची सैन्यभरती रद्द झाली. प्रांतांच्या रखवालीसाठी जिल्हा अधिकाऱ्यांच्या मुलांमधून निवडलेल्या छोट्या तुकड्या नेमण्यात आल्या.

७/
येथे तारखांकडे लक्ष द्यावे. हेइआन-क्यो राजधानी झाली इ.स. ७९४मध्ये. ‘गेंजी मोनोगातारी’ लिहिली गेली अकराव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे ज्या दरबाराला ‘नाजूक’ म्हटले जाते त्याचा बहर येण्याच्या दोनशे वर्षे आधीच राज्याने सामान्य रयतेचे सैन्य मोडीत काढले होते. हा निर्णय कवींनी घेतला नव्हता. काम्मु हा युद्धे लढवणारा, दोनदा राजधानी हलवणारा कठोर सम्राट होता. खर्च आणि उपयुक्तता यांचा हिशेब मांडून त्याने शस्त्रविद्या घरोघर जोपासणाऱ्या, घोडा बाळगण्याची ऐपत असणाऱ्या मोजक्या कुटुंबांवर भिस्त ठेवली. पुढच्या साऱ्या गोष्टीचे बीज या हिशेबात आहे.

८/
जमिनीचे गणितही बिघडत होते. वाटपाला जमीन पुरेना, म्हणून इ.स. ७४३मध्ये नवा कायदा झाला : जो पडीक जमीन लागवडीखाली आणील, ती कायमची त्याची. पडीक जमीन फोडायला मजूर, अवजारे आणि पाटबंधारे लागतात. ते होते मोठी मंदिरे आणि उमराव यांच्याकडे. त्यांनी खाजगी जहागिरी उभ्या केल्या. त्यांनाच पुढे ‘शोएन’ हे नाव रूढ झाले. दुसरीकडे गरीब शेतकरी करांच्या ओझ्याखाली नोंदवहीतील गाव सोडून पळत राहिला. दहाव्या शतकाच्या आरंभानंतर जमिनीचे सरकारी वाटप झाल्याचे दिसत नाही.

९/
इ.स. ९१४मध्ये मियोशी कियोयुकी या विद्वान अधिकाऱ्याने सम्राटाला बारा कलमांचे निवेदन दिले. त्यात बित्चू प्रांतातील निमा या गावाची कहाणी आहे. सातव्या शतकात या गावाने वीस हजार सैनिक पुरवले अशी आख्यायिका होती. आठव्या शतकातील नोंदीत कर देणारे पुरुष उरले १,९००च्या आसपास, नवव्या शतकात सत्तरहून थोडे अधिक, कियोयुकी स्वतः त्या प्रांताचा अधिकारी झाला तेव्हा नऊ, आणि इ.स. ९११मध्ये शून्य. गाव ओसाड झाले असे यावरून मानण्याचे कारण नाही. माणसे दप्तरातून निसटली होती, आणि जे दप्तरात नाही त्यावर राज्याचा हात पोहोचत नाही.

१०/
मग दरबाराने काय केले? माणसे मोजणे सोडले आणि जमीन मोजून कर ठरवला. वसुलीची सारी जबाबदारी प्रांताधिकाऱ्यावर टाकली : ठरलेली रक्कम राजधानीत पोहोचव, बाकीचे तू पाहा. मक्त्याची पद्धत म्हणतात ती हीच. तिचे रूप इ.स. ९८८च्या एका अर्जात दिसते. ओवारी प्रांतातील जिल्हा अधिकारी आणि शेतकरी यांनी प्रांताधिकारी फुजिवारा नो मोतोनागा याच्याविरुद्ध ३१ कलमांची तक्रार दरबारात गुदरली. वाढीव वसुली, बुडवलेली देणी, आणि त्याने राजधानीतून आणलेल्या मुलाबाळांचा व हस्तकांचा धुडगूस, असे सारे त्यात आहे. पुढच्याच वर्षी मोतोनागाला हटवण्यात आले. पण हटवला गेला तो माणूस. पद्धत तशीच राहिली.

११/
अशा अधिकाऱ्यापासून वाचायचे कसे? स्थानिक जमीनदाराने एक वाट शोधली. आपली जमीन राजधानीतील बड्या घराण्याच्या किंवा मंदिराच्या नावे अर्पण करायची, आणि प्रत्यक्ष व्यवस्थापनाचा हक्क मात्र आपल्याकडे ठेवायचा. बड्या घराण्याच्या वजनाने त्या जमिनीला करमाफी मिळायची. पुढे तर सरकारी माणसाला तेथे पाऊल टाकण्याचीही बंदी व्हायची. एकाच शेताच्या पिकावर राजधानीतील आश्रयदाता, मधला मालक, स्थानिक व्यवस्थापक आणि कसणारा अशा अनेकांचे हक्क एकावर एक रचले गेले. या प्रत्येक हक्काला ‘शिकि’ म्हणत. तो वारशाने जाई, त्याची वाटणी होई.

१२/
मराठीत अशा समाजाला ‘सरंजामशाही’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठ्यांच्या राज्यात फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेल्या महसुलाला सरंजाम म्हणत. जपानी ‘शिकि’ समजून घ्यायला मात्र ‘वतन’ हा शब्द अधिक जवळचा आहे : जमिनीची निखळ मालकी नव्हे, तर उत्पन्नातील वाटा आणि त्याला जोडलेले काम, दोन्ही पिढीजात. वतनाच्या कागदासाठी भाऊबंदकी कशी पेटते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला शोएनच्या बांधावर धनुष्य का आले हे वेगळे सांगावे लागत नाही. हक्क कागदावर होता. तो टिकवायला शेजारी घोडा उभा असावा लागे.

१३/
हा घोडेस्वार होता कोण? सम्राटांना मुले पुष्कळ असत आणि त्या सर्वांना राजपुत्र म्हणून पोसणे परवडत नसे. इ.स. ८१४मध्ये सम्राट सागा याने आपल्या काही मुलांना ‘मिनामोतो’ हे आडनाव देऊन राजकुलातून बाहेर काढले. नवव्या शतकाच्या अखेरीस काम्मुचा पणतू ताकामोची याला ‘ताइरा’ हे आडनाव मिळाले. राजधानीत वरची पदे फुजिवारा घराण्याने व्यापलेली. म्हणून अशा घराण्यांतील कित्येक जण प्रांतांत अधिकारी म्हणून गेले, मुदत संपल्यावर तेथेच राहिले, स्थानिक घरांशी सोयरिकी करून मोठे झाले. सामुराईंची दोन सर्वांत नामांकित कुळे ही सम्राटांची वंशज आहेत. रानातून आलेल्या रांगड्यांची कथा येथेच कोलमडते.

१४/
ताकामोचीचा नातू ताइरा नो मासाकादो. तरुणपणी तो राजधानीत फुजिवारा घराण्यातील एका बड्या मंत्र्याच्या पदरी होता. कान्तो प्रदेशात परतल्यावर चुलत्यांशी झालेल्या कलहातून त्याचे युद्ध वाढत गेले. इ.स. ९३९मध्ये त्याने हिताची प्रांताचे मुख्यालय जिंकले, शेजारच्या प्रांतांच्या अधिकाऱ्यांना हाकलले आणि स्वतःला ‘नवा सम्राट’ घोषित केले. दरबाराने फौज धाडली, पण ती पोहोचण्यापूर्वीच, इ.स. ९४०च्या आरंभी, मासाकादो मारला गेला. मारणारे होते त्याचाच चुलतभाऊ सादामोरी आणि फुजिवारा नो हिदेसातो. म्हणजे योद्ध्याचा बंदोबस्त योद्ध्यानेच केला. त्या दोघांना दरबाराने पदे बहाल केली. याच सादामोरीच्या वंशात पुढे कियोमोरी जन्मला.

१५/
दरबाराला ही तोड फार सोयीची वाटली. कायम सैन्य पोसायला नको. गरज पडली की एका योद्ध्याला अधिकारपत्र द्यायचे, काम झाले की पद द्यायचे. ‘सामुराई’ हा शब्दच ‘सेवेत हजर राहणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. हा काळ तलवारीच्या दंतकथांचाही नव्हे. या योद्ध्यांचे मुख्य कसब होते धावत्या घोड्यावरून बाण मारणे, आणि त्यांच्या विद्येचे नाव होते ‘धनुष्य व घोडा यांचा मार्ग’. ‘बुशिदो’ म्हणून आज जे तत्त्वज्ञान जगभर मिरवले जाते, त्याची कीर्ती मोठ्या प्रमाणावर इ.स. १९००मध्ये नितोबे इनाझो यांनी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाची देणगी आहे.

१६/
आता पुन्हा १०१९कडे. ताकाइएने हल्ला परतवल्याची बातमी राजधानीत पोहोचली आणि दरबारात वाद उभा राहिला : लढलेल्यांना इनाम द्यावे काय? फुजिवारा नो किन्तो आणि फुजिवारा नो युकिनारी यांचे म्हणणे असे की लढाई शाही हुकूम पोहोचण्यापूर्वी झाली, तेव्हा इनामाचा प्रश्नच येत नाही. सानेसुके या ज्येष्ठ मंत्र्याने विरोध केला : हुकूम आला होता की नव्हता हे पाहू नये, आज बक्षीस नाकारले तर उद्या कोणी लढायला उभा राहणार नाही. अखेरीस त्याचे मत मान्य झाले. हा सारा वाद सानेसुकेच्या रोजनिशीत नोंदलेला आहे.

१७/
किन्तो हा त्या काळातील श्रेष्ठ काव्यमर्मज्ञ आणि युकिनारी हा अजोड सुलेखनकार. ‘पाहा, कलावंतांनीच योद्ध्यांची उपेक्षा केली!’ असे म्हणण्याचा मोह येथे होईल. पण त्यांचा आक्षेप नियमावर बोट ठेवणाऱ्या कारकुनाचा होता; त्यात कवीचे काहीच नव्हते. आणि सीमेवर लढलेला ताकाइएही त्याच दरबाराचा, त्याच संस्कृतीत वाढलेला. दरबाराचा खरा दोष त्या वादातच दिसतो. देशाचे रक्षण आता ज्यांच्या भरवशावर आहे, ते आपले नोकर की आपल्या सोयीने बोलावलेले मक्तेदार, हे दरबाराने कधी ठरवलेच नाही.

१८/
त्या दरबाराचे वैभव कमी लेखण्याचे कारण नाही. फुजिवारा नो मिचिनागा याच्या तीन मुली इ.स. १०१८मध्ये एकाच वेळी सम्राज्ञीपदांवर होत्या. त्यांतील शोशीच्या सेवेत असलेल्या मुरासाकी शिकिबु हिने ‘गेंजी मोनोगातारी’ लिहिली. पुरुष चिनी भाषेत सरकारी कागद लिहीत असताना स्त्रियांनी काना लिपीत आपल्या भाषेला गद्य मिळवून दिले. हे सारे शोएनच्या धान्यावर आणि प्रांताधिकाऱ्यांच्या भेटींवर उभे होते, हे खरे. विशेष असे की मुरासाकी आणि सेइ शोनागोन या दोघी प्रांताधिकाऱ्यांच्याच मुली होत्या. रेशमाचे धागे कोणत्या गावातून येतात हे त्यांच्या घरात कोणाला ठाऊक नसणार, असे मानणे कठीण आहे.

१९/
पुढील प्रमाद याहून गंभीर. इ.स. १०८३ ते १०८७ या काळात मिनामोतो नो योशिइए याने ईशान्येत दीर्घ युद्ध केले. दरबाराने ते त्याचे खाजगी भांडण ठरवले आणि इनाम नाकारले. योशिइएने आपल्या माणसांना स्वतःच्या मालमत्तेतून बक्षिसे दिली, अशी परंपरा सांगते. सानेसुकेचा इशारा उलट्या बाजूने खरा ठरला : लढणारे मिळेनासे झाले नाहीत, मात्र बक्षीस कोण देतो हे त्यांनी लक्षात ठेवले. पूर्वेकडील घराण्यांची मिनामोतो कुळावरील निष्ठा अशा प्रसंगांतून घट्ट होत गेली.

२०/
दरम्यान राजधानीत सत्तेची केंद्रे वाढली. सम्राट गो-सान्जो याने इ.स. १०६९मध्ये शोएनचे कागद तपासणारी कचेरी उघडली, आणि फुजिवारांनाही सनदा दाखवाव्या लागल्या. त्याचा मुलगा शिराकावा इ.स. १०८६मध्ये गादी सोडूनही कारभार चालवत राहिला. सम्राट, निवृत्त सम्राट, फुजिवारा, मोठी मंदिरे आणि त्यांचे शस्त्रधारी भिक्षू असे सारेच एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले. प्रत्येकाला शोएन हवे होते आणि ते राखायला हत्यारबंद माणसे. शिराकावाने आपल्या वाड्याच्या उत्तर बाजूस योद्ध्यांचे पथक ठेवले. प्रांतातील धनुष्य राजधानीत आले ते असे, आमंत्रणाने.

२१/
इ.स. ११५६मध्ये गादीचा वाद पेटला. सम्राट गो-शिराकावा आणि निवृत्त सम्राट सुतोकु या दोन भावांनी आपापल्या बाजूने योद्धे बोलावले. मिनामोतो नो योशितोमो एकीकडे, त्याचे वडील तामेयोशी दुसरीकडे. एका रात्रीत निकाल लागला. हरलेल्या बापाचा शिरच्छेद मुलाला करवावा लागला. दरबारी राजकारणात सुमारे साडेतीनशे वर्षांनी देहदंड परतला होता. पुढे जिएन या फुजिवारा घराण्यातील भिक्षूने आपल्या इतिहासग्रंथात लिहिले की येथून योद्ध्यांचे युग सुरू झाले. त्याने पाहिले ते खरे. पण दार आतून उघडले गेले होते.

२२/
विजेत्यांपैकी ताइरा नो कियोमोरी इ.स. ११६७मध्ये सर्वोच्च मंत्रिपदावर पोहोचला. त्याने मुलगी सम्राटाला दिली आणि इ.स. ११८०मध्ये नातू आन्तोकु गादीवर बसवला. मिचिनागाच्या घराण्याचीच ही जुनी रीत. ताइरा कुळ दरबारी रीतिरिवाजांनी मऊ पडले म्हणून बुडाले, असे सांगण्याची प्रथा आहे. त्याहून साधे कारण समोर आहे : त्यांनी वरची पदे आणि शोएन आपल्या कुळात गोळा केली, आणि प्रांतांतील हजारो लहान योद्ध्यांच्या हक्कांना शाश्वती देणारी कोणतीही व्यवस्था उभारली नाही. ती मिनामोतो नो योरितोमोने उभारली.

२३/
योरितोमो वयाच्या तेराव्या वर्षी इझूला हद्दपार झाला होता. इ.स. ११८०मध्ये तो उठला. पहिल्याच मोठ्या लढाईत हरला, तरी पूर्वेकडील योद्धे त्याच्याकडे येत राहिले, कारण तो त्यांच्या जमिनीच्या हक्कांना आपल्या नावाने मान्यता देत होता. इ.स. ११८३मध्ये दरबाराने त्याचा पूर्वेकडील अधिकार मान्य केला. ११८५मध्ये दान-नो-उराच्या आरमारी युद्धात ताइरा संपले आणि त्याच वर्षी प्रांतांवर ‘शुगो’ व जहागिरींवर ‘जितो’ नेमण्याची अनुज्ञा योरितोमोला मिळाली. ११९२मध्ये तो शोगुन झाला. यांतील प्रत्येक पायरीवर दरबाराचा कागद आहे.

२४/
कामाकुरातील ही राजवट चालवली कोणी? तिच्या प्रशासन कचेरीचा प्रमुख ओए नो हिरोमोतो आणि न्यायकचेरीचा प्रमुख मियोशी यासुनोबु हे दोघेही क्योतोहून आलेले, दरबारी कायद्यात मुरलेले लेखनिक होते. योद्ध्यांच्या सरकारचे दप्तर दरबाराच्या माणसांनी लावले. आणि तिसरा शोगुन सानेतोमो? तो कवी होता. दरबाराचा अग्रगण्य कवी फुजिवारा नो तेइका याच्याकडून तो पत्राने मार्गदर्शन घेत असे. उलट ज्याने ‘शिन कोकिनशू’ हा महान काव्यसंग्रह करवला तो निवृत्त सम्राट गो-तोबा शस्त्रविद्येचा शौकीन होता आणि त्यानेच इ.स. १२२१मध्ये कामाकुराविरुद्ध युद्ध पुकारले. कवी मऊ आणि योद्धा कठोर ही विभागणी खुद्द त्या माणसांना ठाऊक नव्हती.

२५/
गो-तोबा हरला. तीन निवृत्त सम्राट राजधानीबाहेर दूर गेले, सुमारे ३,००० जहागिरी जप्त झाल्या आणि तेथे नवे जितो बसले. नव्या जितोचा वाटा दर अकरा चोमागे एक चो, शिवाय प्रत्येक तानामागे ठरावीक धान्य, असा १२२३मध्ये ठरला. १२३२मध्ये ५१ कलमांची संहिता आली. तिचा मोठा भाग जमीन, वारसा आणि तंटे यांविषयी आहे. दरबार आणि त्याचे कायदे क्योतोत चालूच राहिले. बदलली ती एकच गोष्ट : अंतिम निवाड्यासाठी लोक कोणाच्या दारात जाऊ लागले, ती.

२६/
दरबाराच्या कैफियतीत एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हेइआनच्या उमरावांना राजधानीबाहेर जाणे शिक्षा वाटे. प्रांतांचे नीट ज्ञान वरच्या पदांवर क्वचित पोहोचे. या तुटलेपणाची किंमत मोठी होती. पण तुटलेपणा हा कवितेचा परिणाम नव्हे. कवितेच्या जागी सारा दिवस धनुर्विद्या ठेवली असती, तरी वसुली मक्त्याने, रक्षण मक्त्याने आणि करमाफी ओळखीने देणारे राज्य तसेच रिते झाले असते. याची साक्ष पुढील काळच देतो : कामाकुराच्या योद्ध्यांनीही १२७४ आणि १२८१ची मंगोल आक्रमणे परतवली, लढलेल्यांना पुरेशी इनामे दिली नाहीत, आणि १३३३मध्ये तेही बुडाले.

२७/
इ.स. १२७९मध्ये आबुत्सु नावाची एक प्रौढ कवयित्री, तेइकाच्या मुलाची विधवा, क्योतोहून कामाकुराला निघाली. हारिमा प्रांतातील एका जहागिरीचा हक्क पतीने तिच्या मुलाला लिहून दिला होता. सावत्र मुलगा तो सोडत नव्हता. दिलेला वारसा फिरवण्याची मुभा योद्ध्यांच्या कायद्यात होती, म्हणून ती त्यांच्या न्यायालयात गेली. या प्रवासाची तिची रोजनिशी ‘इझायोइ निक्की’ आजही वाचली जाते. निकाल तिच्या मुलाच्या बाजूने लागला, पण तिच्या मृत्यूनंतर काही दशकांनी. जपानी काव्याचे सर्वांत मानाचे घराणे आपला वतनाचा कागद घेऊन योद्ध्यांच्या दारी बसले होते.

२८/
आणि कसणाऱ्याचे काय? इ.स. १२७५मध्ये कीइ प्रांतातील आतेगावा शोएनच्या शेतकऱ्यांनी आपल्या मालकाकडे कलमवार तक्रार लिहिली, काताकाना लिपीत, ओबडधोबड अक्षरांत. लाकूड वेळेवर का पोहोचले नाही याचे कारण ते देतात : जितो आम्हांला स्वतःच्या कामावर ओढून नेतो, उरलेल्यांना पळून गेलेल्यांच्या शेतात गहू पेरायला लावतो, ऐकले नाही तर बायकांचे कान आणि नाक कापण्याची धमकी देतो. ओवारीच्या अर्जानंतर तीनशे वर्षे गेली होती. प्रांताधिकाऱ्याच्या जागी जितो आला होता.

२९/
म्हणून हेइआनचा इतिहास सांगताना ‘कविता की तलवार’ असा प्रश्न मांडू नये. राज्याची मोजणी कोण करतो, वसुली कोणाच्या हाती आहे, लढणाऱ्याला मोबदला कोण देतो आणि दाद मागायला रयत कोठे जाते, हे चार प्रश्न विचारावेत. हेइआन दरबाराने चारही उत्तरे एकेक करून दुसऱ्यांकडे सोपवली आणि प्रत्येक वेळी रीतसर कागद करून दिला. ‘गेंजी’ वाचणाऱ्याने त्यासाठी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. ताकाइएला पंख्याच्या काड्यांचे कौतुक होते आणि हाकाताचा किनाराही त्यानेच राखला.

(थ्रेड समाप्त)